कडूकंदाचा पहिला घास

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या वेळशेत वाडीत पाहुण्याला आधी वाढत नाहीत. पाहुणा पानावर बसलेला असतो आणि घरची बाई त्याच्यादेखत स्वतः खाऊन घेते. शहरातली माणसं मनातून चिडतात. मग वाडीतले हिरूबाबा त्यांना ओट्यावर बसवून बुधीची हकीकत सांगतात.

फार मागे म्हणे पावसाने दडी मारली. नाचणी संपली, उरला तो रानातला कडूकंद. तो चिरून राखेच्या पाण्यात उकडायचा आणि टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवायचा, म्हणजे त्यातलं विष उतरतं. पण ओढाच आटला होता. बुधीने कंद डबक्यात भिजवला. तो खाऊन तिचा नवरा चांगो गेला. सासूने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि बुधीला तेच जास्त लागलं, असे सांगतात.

तेव्हापासून वाडीचा कंद एकाच हंड्यात शिजू लागला. बुधी वरच्या झऱ्याचं पाणी आणून त्यावर ओतत राही. शिजला की पहिला घास तिचा. उन्हं कलेपर्यंत ती धडधाकट राहिली, तरच बाकीच्यांनी खायचं. भुकेली माणसं तोवर हंड्याकडे बघत बसत. कुणीकुणी कुजबुजे, की बुधी बरी पोट भरून घेते. तिची लेक पोशी तर तोंडावरच म्हणाली, "आये, तू एकलीच खातीस." बुधीने तिला जवळ घेतलं, पण घास काही दिला नाही.

एके दिवशी घास पोटात गेला आणि बुधीची जीभ जड झाली. बोलता येईना. तिने लाथेने हंडा उलथवला. लोक भुकेने पिसाळलेले. एकाने तिला ढकलून दिलं, दोघे सांडलेलं वेचू लागले. तेवढ्यात ती कोसळली ती पुन्हा उठलीच नाही, आणि वेचणारे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी कंद शिजला, पण हात कोण लावणार? बुधीची सासू काठी टेकत आली आणि हंड्यापाशी बसली. "म्हातारी मी. आधी मीच बसाया पायजे व्हते," एवढंच म्हणाली आणि तिने घास घेतला.

आजही ओढा भरून वाहत असला, कंद नीट धुतलेला असला, तरी पहिला घास घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा असतो. सून पुढे सरकलीच, तर म्हातारी तिचा हात धरून तिला मागे बसवते.