थरथरणारं मोहोळ

एका उंच कड्याच्या माथ्यावर एक वाडी होती आणि त्या वाडीत जावजी नावाचा एक मध काढणारा राहत होता.

कड्याच्या पोटात आग्या मोहोळाची पोळी लटकायची. एकेक पोळं बैलगाडीच्या चाकाएवढं. वरून दोर सोडायचा, दोराला लटकत उतरायचं, ओल्या पाल्याचा धूर करून माश्या उठवायच्या आणि पोळं कापून टोपलीत घ्यायचं, असं ते काम. उतरताना खाली बघितलं तर दरीतली आंब्याची थोरली झाडं कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी दिसत. दोर नेहमी मेहुण्याने धरायचा, ही वाडीची रीत होती. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत आहे तो मूठ सोडत नाही, असं जुनी माणसं म्हणत. जावजीचा दोर त्याच्या बायकोचा, तान्हूचा, धाकटा भाऊ नवसू धरायचा.

जावजीला भीती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ही त्याची बढाई नव्हती. खरंच ठाऊक नव्हतं. एखाद्याला गाता येत नाही, तसं त्याला भिता येत नव्हतं. लहानपणी तो कड्याच्या टोकावर पाय सोडून जांभळं खात बसायचा आणि बाकीची पोरं लांबून डोळे झाकून घ्यायची. मोठेपणी कमरेला दोर बांधला की गाणं गुणगुणत खाली उतरायचा. याच्या छातीत वाघाचं काळीज आहे, असं लोक म्हणायचे. जावजीलाही ते खरंच वाटायचं.

हे काम त्याला कमळूबाबांनी शिकवलं होतं. कमळूबाबा वाडीतले सगळ्यात जुने मध काढणारे. पण कड्याच्या टोकाशी आले की त्यांचे पाय लटलट कापायचे. ते खाली बसायचे, दोराचा पेड न् पेड बोटांनी चाचपायचे, कपाळ दगडाला टेकवायचे आणि मगच उतरायचे. जावजीला याचं हसू यायचं.

एकदा त्याने विचारलंच, "बाबा, चाळीस वर्षं उतरताय. अजून पाय कापतात?"

"कापतात म्हणून तर चाळीस वर्षं उतरतोय," बाबा म्हणाले.

जावजीला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं आणि तो विसरून गेला.

पावसाळा सरला. कार्तिकात मध काढायचा पहिला दिवस आला. जावजीचा तिपेडी दोर चार महिने पोटमाळ्यावर पडून होता. त्याने तो खाली ओढला, खांद्यावर टाकला आणि कड्याकडे निघाला. उंदरांनी तो दोर मध्येच कुरतडला होता, हे त्याने पाहिलं नाही. ज्याला पडायची भीतीच नाही, तो दोर कशाला तपासेल?

तीस-चाळीस हात उतरल्यावर डोक्यावर 'तट्' असा आवाज झाला. जावजीने वर पाहिलं. दोराचा एक पेड तुटून उलगडत चालला होता. तो बघतोय तोवर दुसरा तुटला. आता करंगळीएवढा एकच पेड उरला आणि त्याला जावजी लटकत होता.

तेव्हा त्याची नजर खाली गेली. दरी त्याने हजारदा पाहिली होती. पण त्या क्षणी ती दरी नव्हती. ते एक तोंड होतं आणि ते उघडलेलं होतं. त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ओरडावं म्हटलं तर जीभ हलेना.

वर नवसूच्या हातांना दोराचे दोन हिसके लागले आणि त्याने ओळखलं. त्याने झटका दिला नाही. श्वास रोखून, एक हात, मग दुसरा हात, असा तो दोर ओढत राहिला. त्याच्या तळव्यांची साल निघाली, पण त्याने घाई केली नाही. जावजी वर आला तेव्हा तो उभा राहिला नाही. गवत मुठीत धरून, पोटावर सरपटत, तो कड्यापासून दूर गेला.

त्या दिवसापासून जावजी बदलला. चुलीत काटकी मोडली तरी तो दचकून उठायचा. कड्याकडची वाट त्याने सोडली. पुढे पुढे तर घरातल्या शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या की त्याला दरदरून घाम फुटायचा. तान्हूने एक दिवस पोटमाळ्यावरचं सगळं सामान खाली आणून ठेवलं. वाघाचं काळीज म्हणणारे लोक आता शेळीचं काळीज म्हणू लागले. ते जावजीच्या कानावर यायचं आणि तो मान खाली घालायचा.

कमळूबाबा तेवढे त्याला हसले नाहीत. एका दुपारी ते त्याच्याजवळ येऊन बसले.

"बाबा, माझं संपलं," जावजी म्हणाला. "माझ्यात भीती शिरली."

"शिरली नाही, आली. पाहुणी पहिल्यांदा घरात आली की सगळं घर हिंडून बघते. थोड्या दिवसांनी आपली जागा धरून बसेल."

"आणि नाहीच बसली तर?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि घरी निघाले. त्यांनाही ते ठाऊक नसावं.

हिवाळा गेला, चैत्र आला. पोळी मधाने भरली. वाडीला वर्षाचं मीठ आणि कापड खालच्या बाजारात मधाच्या बदल्यातच मिळायचं. मध काढायला जावजीखेरीज दुसरं कुणी नव्हतं आणि जावजी घराबाहेर पडत नव्हता. शेवटी सत्तरी उलटलेले कमळूबाबा आपला जुना दोर घेऊन निघाले; दोर धरायला नवसू सोबत होता. ते जावजीच्या दारावरून गेले. जावजीने त्यांना पाहिलं, ते कुठे चाललेत हेही त्याला कळलं. थांबा, मी येतो, असं म्हणावं असं त्याच्या मनात आलं. पण शब्द ओठांपर्यंत आलाच नाही. बाबा वळणाआड गेले आणि तो उंबऱ्यावर तसाच बसून राहिला.

दुपार कलायच्या आत नवसू बाबांचा दोर झाडाला बांधून धावत आला.

"दाजी, बाबा अडकलेत."

कड्यावरून वानरं पळाली होती आणि त्यांच्या पायांनी सुटलेला एक धोंडा बाबांच्या खांद्यावर बसला होता. उजवा हात निकामी झाला होता. बाबा कसेबसे एका कपारीत सरकले होते. जेमतेम एक माणूस टेकेल एवढीच ती जागा. आणि तिच्या अगदी शेजारी मोहोळ होतं.

"वरून ओढावं, तर ते थेट पोळ्यावर आदळतील," नवसू म्हणाला. "माश्या उठल्या तर त्यांचं काही उरणार नाही. कुणीतरी खाली जाऊन त्यांना कडेकडेने वर आणायला हवं. ती वाट तुम्हालाच ठाऊक आहे."

जावजी उभा राहिला आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसला. "मला नाही जमणार, नवसू. बघ, उभं राहवत नाही."

नवसूने त्याला दोष दिला नाही. तो एवढंच म्हणाला, "मग मी उतरतो. दोर तुम्ही धरा."

नवसू आयुष्यात कधी कड्यावरून उतरला नव्हता. तो परत येणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. तान्हू दारात उभी होती. एकीकडे तिचा नवरा, एकीकडे पाठचा भाऊ. तिने दोघांकडेही पाहिलं नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत ती म्हणाली, "भीती काळजात बसलीये. हात तुमच्याजवळच आहेत ना?"

जावजीने आपल्या हातांकडे पाहिलं. ते कापत होते, पण होते. तो उठला.

कड्याच्या टोकाशी त्याने आधी दोर मागितला. बोटांतून तो टोकापासून टोकापर्यंत सरकवत गेला. एके जागी दोराचा वाख मऊ, कुजल्यासारखा लागला. त्याने तो दोर बाजूला टाकून दुसरा घेतला आणि तोही तसाच चाचपला. दोर बांधायच्या झाडाचं मूळ त्याने हलवून पाहिलं. वारा कुठून येतोय हे गवताचा भुगा उडवून पाहिलं. यातलं काहीही त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. आता त्याला ते करावंच लागत होतं. त्याशिवाय पाय पुढे सरकेनात. मग त्याने टोकावरून पाय खाली सोडला.

गुडघे लटलटत होते. पण एक नवल झालं. जावजीला सगळं दिसू लागलं. पूर्वी गाणं गुणगुणत तो ज्या दगडांवरून सरसर घसरायचा, त्यातला प्रत्येक दगड आता वेगळा दिसत होता. हा भक्कम, हा सुटा, हा ओलसर. काळ्या थरामागून तांबडा थर, त्यामागून पुन्हा काळा, असा कडा खाली खाली जात होता आणि त्याला अंत नव्हता. एका भेगेतून पाण्याची बारीक धार झिरपत होती आणि तिच्या आधाराने नखाएवढी हिरवी पानं जगत होती. पायांच्या खूप खाली गिधाडं घिरट्या घालत होती. पाखरांच्या पाठी त्याने वरून पाहिल्या. त्याच्याही खाली दरी निळी होत होत दिसेनाशी झाली होती. एवढं मोठं काहीतरी आपल्यासमोर रोज उभं होतं, आणि आपण किती लहान होतो. जावजीच्या अंगावर काटा आला. ही भीती होती की दुसरं काही, ते त्याला सांगता आलं नसतं.

कडेकडेने आडवा सरकत तो कपारीपाशी पोचला. कमळूबाबा दगडाला पाठ लावून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डावं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळ्यांनी बाजूला खूण केली.

हातभर अंतरावर मोहोळ लटकत होतं. हजारो माश्या एकमेकींना बिलगून स्तब्ध बसल्या होत्या, जणू काळं सोनं वितळून थिजलं होतं. तेवढ्यात अंगठ्याएवढी एक गांधीलमाशी घूं घूं करत पोळ्यावर आली. एखादी मधमाशी उचलून न्यायची, हा तिचा बेत. ती जवळ आली आणि पोळं थरथरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माश्यांनी एकामागून एक अंग उचललं आणि पाण्यावर तरंग जावा तशी एक चकाकती लाट पोळ्यावरून धावत गेली. मग दुसरी. मग तिसरी. एकही माशी जागा सोडून उडाली नाही. सगळं मोहोळ जागच्या जागी नुसतं थरथरत होतं आणि त्या थरथरीपुढे गांधीलमाशी बावरली. दोनदा पुढे आली, दोनदा मागे हटली आणि शेवटी वळून दरीत निघून गेली.

मोहोळ पुन्हा शांत झालं.

जावजी बघतच राहिला. त्याचे पाय अजून कापत होते. पण आता त्याला त्यांची लाज वाटेनाशी झाली.

त्याने आपला फेटा सोडला आणि त्या फेट्याने बाबांना पाठीशी घट्ट बांधलं. बाबांचा दोर आपल्या दोराला जोडून घेतला. मग कड्याला तळपाय रोवून तो आडवा सरकू लागला, मोहोळापासून लांब, एकेक पाऊल. घाई करावी असं प्रत्येक पावलाला वाटत होतं आणि प्रत्येक पावलाला तो थांबून आधी दगड चाचपत होता. मध्येच एक माशी येऊन त्याच्या पापणीवर बसली. जावजीने श्वास धरला. ती चालत चालत कपाळावर गेली, तिथे जरा थांबली आणि उडून गेली. पाठीवर बाबांचं काळीज धडधडत होतं, पुढे त्याचं स्वतःचं. दोन्ही धडधडी एकमेकींत मिसळल्या होत्या. मोकळ्या कड्याखाली आल्यावर त्याने दोराला दोनदा हिसका दिला आणि वरून नवसूने चार गड्यांसह ओढायला सुरुवात केली.

माथ्यावर अख्खी वाडी जमली होती. बाबांना कांबळ्यावर निजवलं. हाड बसवणाऱ्याला बोलवायला एक जण पळाला. जावजी तिथेच गवतावर बसला आणि मग त्याला असं कापरं भरलं की पाण्याचा तांब्या हातात राहीना. तान्हूने तांब्या आपल्या हाताने त्याच्या ओठांशी धरला. एकही माणूस हसला नाही. शेळीचं काळीज म्हणणारे पुढे आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर घोंगडी टाकली.

कमळूबाबांनी मान वळवून विचारलं, "जावजी, काय पाहिलंस?"

जावजीने तांब्या बाजूला सारला.

"कडा पाहिला, बाबा," तो म्हणाला. "इतकी वर्षं उतरत होतो, पण बघितलाच नव्हता." आणि मग अगदी हळू, देवळात बोलावं तसं, तो म्हणाला, "केवढा मोठा आहे."

ते ऐकून वाडीतली सगळी माणसं, जन्मभर त्या कड्यावर राहिलेली माणसं, वळून त्याच्या टोकाकडे बघू लागली.

तात्पर्य: भीती नसणं म्हणजे धैर्य नव्हे. जो भीतच नाही तो आंधळा चालतो आणि जो भीतीलाच शरण जातो तो जागचा हलत नाही. भीती जे दाखवते ते डोळे उघडून बघून जो पुढचं पाऊल टाकतो, तोच स्वतः तरतो आणि दुसऱ्यालाही तारतो.