उघाडीआईच्या छपराची कौलं

आमच्या आवणखिंडीत सकाळी नऊला ऊन, साडेनऊला धुकं, दहाला सर आणि सव्वादहाला पुन्हा ऊन. पाहुणे थक्क होतात. गावकरी तेवढ्यात वाळवण दोनदा आत-बाहेर करतात. कारण विचारलंत, तर बाजारपेठेच्या टोकाचं उघाडीआईचं देऊळ दाखवतील. भिंती भक्कम, दार पितळी, आणि वर छप्पर नाही.

पूर्वी होतं, असं सांगतात. तेव्हा इथली हवा शिस्तीची होती. पाऊस बसला की दोन महिने उठायचा नाही. एका वर्षी कोंडाई नावाच्या विधवा कुंभारणीची कच्ची मडकी दोनदा विरघळली. तिसरी खेप ओसरीत होती आणि ओसरी गळत होती. चांगली कौलं तिने देवळाला दिली होती. खणून ठेवलेली माती संपलेली. ही मडकी गेली, तर घरातली चार तोंडं उपाशी राहणार होती. नवस झाले, खणनारळ झाले. देवी ढिम्म.

शेवटी कोंडाईने भर दुपारी देवळाला शिडी लावली आणि कौलं उतरवायला घेतली.

"अगं, देवीचं छप्पर ते!" गुरव ओरडला. "हात झडतील!"

"झडू देत, गुरवमामा. नाहीतरी चिखलच कालवतेय. हिला कोरड्यात बसवलं आपणच. मग हिला पाऊस कळणार कसा?"

गुरवाने शिडी धरली नाही, ओढलीही नाही. देवस्थानाच्या कारभारात यालाच तटस्थपणा म्हणतात.

कौलं तिने मडक्यांवर रचली. इकडे देवीच्या मळवटाचा ओघळ नाकावर आला आणि पाव घटकेत पाऊस थांबला, म्हणे. ऊन पडलं. देवीला तेही सोसवेना, म्हणून धुकं. धुक्यात गारठली, म्हणून पुन्हा सर. कोंडाई मिळेल त्या उन्हात मडकी उघडी करी, सर आली की झाकी. नवव्या दिवशी मडकी भाजायचा तिचा आवा पेटला. हात शाबूत होते.

पुढे गुरवाने नवं छप्पर घालायचं काढलं, तेव्हा गावच आडवं आलं. घटकेघटकेला कंटाळणारी देवी परवडली, न भिजणारी नको, असं ठरलं.

आजही हवेबद्दल ज्याची तक्रार असेल, त्याने छत्री दाराबाहेर ठेवून देवीशेजारी उभं राहायचं, असा रिवाज आहे. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत बहुधा हवा बदलते. नाहीच बदलली, तर निदान ऐकणारीही भिजत असते.