केतकीची सही

"...म्हणजे नक्की किती प्रोग्रॅमिंग यायला हवं, सर? एकदाच काय ते सांगून टाका!"

केतकी जगदाळे टेबलावर हात आपटायचीच काय ती बाकी होती.

समोर ताटे सर. मालकाची लेखी परवानगी घेऊन त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये घुसायचं आणि कच्च्या जागा त्याला दाखवून द्यायच्या, हे काम साताऱ्यात बसून वीस वर्षं करणारा आणि शिकवणारा माणूस. बोलणं मोजकं, चहा अखंड.

तीन ठिकाणी नकार पचवल्यावर केतकीला असंच पहिलं काम मिळू घातलं होतं. एका हॉस्पिटलचं, येत्या सोमवारपासून. अट एकच, ताटे सरांचं शिफारसपत्र. आणि सर म्हणत होते, आधी प्रोग्रॅमिंग शीक.

"काल तुमचा सरावाचा सर्व्हर मी अकरा मिनिटांत फोडला," ती म्हणाली. "एक ओळ न लिहिता. तयार प्रोग्रॅम लावला, गेले आत. वर्गातल्या त्या पाच-पाच भाषा येणाऱ्यांना जमलं का?"

"नाही जमलं."

"मग?"

"प्रोग्रॅम कुणाचा?"

"एका ग्रुपवर मिळाला."

"त्यांना कुठून मिळाला?"

"मिळाला असेल कुठूनतरी. काम झालं ना!"

सरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

मग कप खाली ठेवून त्यांनी खणातून एक कागद काढला. त्यावर मोडी लिपीतल्या पंधरा-वीस ओळी, अक्षराला अक्षर चिकटलेलं. खाली सहीच्या जागी केतकीचं नाव, तेवढं मात्र देवनागरीत.

"सही कर. पत्र लगेच देतो."

केतकीनं झटक्यात पेन उचललं. ते कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

"काय लिहिलंय यात?"

"मला काय माहीत? मला मोडी कुठं येते! एका जुन्या कागदावरून जसंच्या तसं उतरवून काढलं."

"सर, थट्टा करताय माझी?"

"सही नाही, तर पत्र नाही."

तिला भयंकर संताप आला. इतक्या खटपटीनंतर काम हाताशी आलेलं, आणि हा माणूस खेळ मांडून बसलाय! त्या रागाखाली भीतीही होती, हे तिलाही कळत होतं.

"यात मी घर लिहून दिलं असेल तर? दुसऱ्या कुणाचा गुन्हा अंगावर घेतला असेल तर? उद्या निस्तरणार कोण, तुम्ही?" तिनं पेन टेबलावर टाकलं. "ज्यातलं अक्षर मला लागत नाही, त्याच्याखाली माझी सही होणार नाही. काम गेलं तर गेलं! ठेवा तुमचं पत्र तुमच्याजवळ!"

ती उठली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती.

सर पहिल्यांदाच हसले. त्यांनी टेबलावरचा तिचा लॅपटॉप पुढे ओढला, कालचा प्रोग्रॅम उघडला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

दोनशे ओळी होत्या. त्यातली एकही तिनं वाचली नव्हती.

केतकी उभीच राहिली...

"सोमवारला चार दिवस आहेत," सर म्हणाले. "बस. आता याच्या ओळीओळीशी असंच भांड."