मानकऱ्यांची पंगत

शिकारीला भरपूर हरणं मिळावीत म्हणून राजेसाहेबांनी रानातले सगळे बिबटे मारायला लावले. हरणं बेसुमार वाढली, त्यांनी रान ओरबाडून खाल्लं आणि मग ती उपाशी मरू लागली.

"सुभानराव, हरणांचा चारा तुम्हीच चोरलात! उद्या हद्दपार व्हा!" राजेसाहेब वनाधिकाऱ्यावर कडाडले.

"जातो सरकार. पण आजच्या मानकऱ्यांच्या पंगतीची व्यवस्था माझ्याकडे द्या."

संध्याकाळी सुभानरावांनी दारावरचे पहारेकरी घरी पाठवले. अख्खं गाव पंगतीत घुसलं. राजेसाहेबांच्या पानात मीठ आणि चटणीच उरली.

"माझं जेवण कोणी चोरलं?"

"कोणीच नाही, सरकार. स्वयंपाक नेहमीइतकाच केलाय. मी फक्त दारातले बिबटे हटवले."

राजेसाहेब चटणी चाटत पुटपुटले, "सुभानराव, कुठं जाऊ नका. आधी रानात पुन्हा बिबटे आणून सोडा."