बेहड्याखालची पांढरी अळंबी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक म्हातारी अस्वलीण राहत असे. तिचे डोळे अधू झाले होते, चालही फेंगडी होती. पण नाक असे तिखट की साऱ्या रानात त्याला तोड नव्हती. पाऊस ओसरून शरदाचे पिवळे ऊन पडू लागले, की वारुळांवर अळंबी उगवत. त्यांतली खाण्याजोगी कोणती आणि जिवावर बेतणारी कोणती, हे ती वासावरून ओळखी. म्हणून त्या दिवसांत ससे, भेकरे, साळिंदरे आणि वानरे तिच्या मागोमाग रान धुंडाळायला निघत. ती अळंबे हुंगे आणि एकच शब्द बोले, "खा" किंवा "नको". तो शब्द आजवर कधी खोटा ठरला नव्हता. याचा तिला मोठा अभिमान होता, आणि तो ती लपवीतही नसे.

एका वर्षी पाऊस दसरा उलटला तरी हटेना. वारुळे भिजून ढासळली आणि नेहमीच्या जागी अळंबी उगवलीच नाहीत. हिंडून हिंडून सगळ्यांचे पाय दुखू लागले, पोटात कावळे ओरडू लागले. एवढ्यात वानरांच्या टोळीचा म्होरक्या, एक दांडगा हुप्प्या, पुढे जाऊन हाका मारू लागला. बेहड्याच्या एका जुन्या झाडाखाली अळंबीच अळंबी उगवली होती. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, नुकत्याच काढलेल्या लोण्यासारखी.

अस्वलिणीने एक हुंगले. वास वाईट नव्हता, किंचित गोडसरच होता. पण ओळखीचाही नव्हता. तिने नखांनी माती उकरून दुसरे मुळासकट काढले. त्याच्या बुडाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी एक पातळ वाटी होती. असे अळंबे तिने कधी पाहिले नव्हते, आणि तिच्या आईनेही कधी दाखवले नव्हते. तिने पुन्हा हुंगले, पुन्हा हुंगले. मागे सगळे तिच्या शब्दाची वाट पाहत उभे होते. "नको" म्हणून टाकले तर कोणाला शंकाही येणार नव्हती आणि तिचे नाव राहणार होते. "खा" म्हटले तर सगळे तिला डोक्यावर घेणार होते. पण तिच्या नाकाने यांतले काहीच सांगितले नव्हते.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

तिच्या तोंडून असे काही निघालेले त्या रानाने कधी ऐकले नव्हते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणी म्हणाले, म्हातारीचे नाक गेले. कोणी म्हणाले, तिला सगळी स्वतःलाच खायची असतील. हुप्प्या पुढे झाला आणि विचारू लागला, की विष आहे असे तर मावशी म्हणत नाही ना? मग अडले कुठे?

"नाकाला जे कळलं नाही, ते तोंडाने कसं सांगू?" अस्वलीण म्हणाली. "मी खाणार नाही. तुम्हीही थांबा."

हुप्प्याने मात्र एक तोडून तोंडात टाकले. थोडा वेळ गेला. त्याला काहीच झाले नाही. मग त्याची टोळी तुटून पडली. ससे, भेकरे आणि साळिंदरे घुटमळली. पण म्हातारीचा शब्द मोडायचा त्यांना धीर झाला नाही, आणि ती उपाशीच परतली. संध्याकाळ झाली तरी वानरे ठणठणीत होती. फांद्यांवरून उड्या मारत ती अस्वलिणीची नक्कल करीत होती, नाक वर करून "ठाऊक नाही, ठाऊक नाही" म्हणत होती.

हे तिला फार लागले. सूर्य मावळताना ती एकटीच बेहड्याखाली आली. एक अळंबे खाल्ले असते तर सगळी टवाळी तिथेच थांबली असती. तिने ते ओठांपर्यंत नेलेही. पण तिला अभिमान होता तो आपल्या नाकाचा, लोकांच्या टाळ्यांचा नव्हे. नाक अजूनही गप्पच होते. तिने अळंबे खाली टाकले आणि ती उपाशी पोटी गुहेत जाऊन निजली.

उजाडता उजाडता ओढ्याकडून कण्हण्याचा आवाज आला, तशी ती लगबगीने तिकडे गेली. वानरे झाडांवरून उतरून वाळूत लोळत होती. ओकून ओकून त्यांच्या अंगात त्राण उरले नव्हते, आणि हुप्प्याला तर मानही उचलवत नव्हती. विष हळूहळू भिनणारे होते. जमिनीवर पडलेली वानरे म्हणजे बिबट्याला आयतेच भक्ष्य. तो झुडपाआडून आलाही. पण वाटेत मागच्या पायांवर उभी राहिलेली अस्वलीण पाहून गुरगुरत मागे फिरला. वानरे झाडावर चढण्याइतकी सावरेपर्यंत ती तिथून हलली नाही. त्यांना तिने एका शब्दानेही हिणवले नाही.

हुप्प्या सर्वांत शेवटी सावरला. त्याच्या मनात एक गोष्ट सलत होती. "मावशी," तो म्हणाला, "तू नुसतं ‘नको’ म्हणाली असतीस, तर आम्ही ऐकलं असतं."

अस्वलीण त्याच्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "ऐकलं असतंत, बाबा. आणि वाईट मलाही वाटतंय. पण मी नुसत्या अंदाजाने ‘नको’ म्हणू लागले असते, तर माझ्या कुठल्या शब्दावर विसंबायचं हे तुम्हाला कधीच कळलं नसतं. ठाऊक नाही, असं ऐकलं की थांबायचं असतं."

हुप्प्याने मान खाली घातली. मग अस्वलिणीने साऱ्या प्राण्यांना बेहड्याखाली नेले. प्रत्येकाला तो गोडसर वास घ्यायला लावला, बुडाशी असलेली वाटी उकरून दाखवली, आणि खणखणीत आवाजात "नको" म्हणाली. परतताना ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. पोट रिकामे होते, पण आयुष्यात कधी नव्हती इतकी ती त्या दिवशी ऐटीत चालली. आणि तिला मागे टाकून पुढे जावे, असे हुप्प्यालासुद्धा वाटले नाही.

तात्पर्य : आपल्याला जे ठाऊक नाही ते तसे सांगण्यात कमीपणा नसतो, आणि जाणत्याने तसे सांगितल्यावर जो थांबतो, तोच शहाणा.