तिसरा घोट

फ्रान्समधल्या बोर्दोहून आलेल्या चार रेड वाइन पारखायला नाशिकच्या एका हॉटेलात राजोपाध्ये नावाचे बडे जाणकार आले. काही आवडलं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. जाणकार वाइन गिळत नाहीत. घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकतात. चौथा घोट थुंकून त्यांनी नाक मुरडलं. "चारही टाकाऊ! परत पाठवा."

मालक खोत हिरमुसले. तेवढ्यात भांडी विसळणाऱ्या गिरिजाबाई म्हणाल्या, "तिसरी ठेवा, मालक. झकास आहे."

राजोपाध्ये खवळले. "तुम्ही चाखलीत?"

खोतांनी मात्र कान टवकारले. "कशावरून म्हणता, बाई?"

"प्रत्येक घोटानंतर साहेबांचं भांडं मीच धुवायला नेत होते. तिसऱ्या खेपेला ते कोरडं ठणठणीत होतं!"