सोनकीवरची मुकी बहीण

एका माळाच्या कडेला, जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं एक पोळं होतं. त्या पोळ्यात एक आक्का होती आणि तिचा घसा कायम बसलेला असायचा. बसणार नाही तर काय होणार? एकच गोष्ट शंभरदा सांगायची, आणि ऐकणारीनं “हो हो” म्हणत उडून जायचं!

त्या पोळ्याची एक जुनी रीत होती. फुलावर आधीच कुणी बहीण बसलेली असेल, तर वरूनच विचारायचं, “बसू का?” ती “बस गं” म्हणाली की मगच खाली उतरायचं. पण आताच्या माश्या “बसू का?” म्हणायच्या आणि म्हणता म्हणताच बसायच्या. उत्तरासाठी थांबतंय कोण!

त्या दिवसांत माळावर एक कोळी आला. हा जाळं विणत नसे. खेकड्यासारखा तिरका चालायचा, फुलात दबा धरून बसायचा आणि माशीनं मधात तोंड घातलं की तिची मान धरायचा. पांढऱ्या तगरीवर होता तेव्हा तो पांढराशुभ्र होता. तिथे दोन बहिणी जिवानिशी गेल्या.

आक्कानं सगळ्यांना बजावलं, “ज्या फुलावर बसतो त्याचाच रंग घेतो मेला. डोळ्यांवर विसंबू नका. रीत पाळा.”

“कोळी पांढरा आहे म्हणे!” एवढंच पोळंभर झालं. झालं, सगळ्या पांढऱ्या फुलांना भिऊ लागल्या आणि रीत राहिली बाजूला. कोळ्यानं आपला मुक्काम पिवळ्या सोनकीवर हलवला. चार-आठ दिवसांत तो हळदीसारखा पिवळा झाला.

पोळ्यात एक धाकटी होती. आक्कानं तिला स्वतःच्या तोंडानं भरवून वाढवलं होतं. ती पहिल्यांदा बाहेर निघाली, तेव्हा आक्कानं तिला दारातच अडवलं.

“फुलावर कुणी असेल तर काय करायचं?”

“विचारायचं, बसू का?”

“मग?”

“मग बसायचं.”

“अगं, मग थांबायचं! उत्तर येईपर्यंत थांबायचं!”

“तेच गं आक्का.”

“तेच नाही!” आक्का ओरडली. पण धाकटी केव्हाच उडाली होती. पालथ्या घड्यावर पाणी!

माळावर सोनकी फुलली होती. एका फुलावर एक बहीण डोकं खुपसून बसलेली धाकटीला दिसली. ती कालचीच शिकार होती. कोळ्यानं तिला आतून शोषून घेतलं होतं आणि पंखांसकट वरचं टरफल तसंच फुलावर ठेवलं होतं. वरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई मध पिण्यात गुंग आहेत.

“बसू का?” धाकटीनं विचारलं. उत्तर आलं नाही. ‘बोलायलाही फुरसत नाही, म्हणजे मध भरपूर दिसतोय,’ असं म्हणत ती बसली.

शेजारची पिवळी पाकळी हलली. ती पाकळी नव्हती.

ऊन कललं तरी धाकटी परतली नाही. “सापडू दे एकदा, चांगली खरडपट्टी काढते,” असं पुटपुटत आक्का निघाली. सोनकीवर तिला धाकटी दिसली, फुलात डोकं खुपसून बसलेली. आक्काचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला.

“इथे आहेस होय! तिकडे आम्ही वाट बघतोय!”

तिला गदागदा हलवायला आक्का खाली झेपावणार, तोच जन्माची सवय तोंडातून बाहेर आली. “बसू का?”

उत्तर नाही.

“अगं, बसू का?”

वाऱ्याची झुळूक आली. फूल डोललं आणि धाकटी वाळक्या पानासारखी जागच्या जागी हलली. तिच्या पायांनी फुलाला धरलेलं नव्हतं. आक्का हवेतच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ओरडावंसं वाटलं नाही, रडावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून दोघी आल्या. “आक्का, धाकटी केव्हाची तिथेच आहे! फूल चांगलं असणार. धाकटे, बसू का?” असं म्हणत त्या खाली निघाल्यासुद्धा.

आक्का आडवी आली. “उत्तर आलं का?”

“न यायला काय झालं? आपलीच तर आहे.”

“उत्तर आलं का?”

दोघी चडफडत थांबल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबल्या. सोनकी वाऱ्यावर डोलत राहिली आणि “बस गं” म्हणायला तिथे कुणीच नव्हतं.

“आक्का,” एक हळूच म्हणाली, “ती बोलत का नाही?”

आक्का दोघींना पुढे घालून घरी घेऊन गेली.

त्या दिवसापासून पोळ्यातल्या सगळ्या जणी उत्तराची वाट पाहू लागल्या. त्यासाठी धाकटीला का जावं लागलं, हे मात्र मला विचारू नका. सांगून सांगून माझाही घसा बसलाय.

तात्पर्य: विचारलं पण उत्तरासाठी थांबलो नाही, तर ते विचारणं नव्हेच. आणि आपलं माणूस गप्प दिसलं की आधी त्याची काळजी करावी, मधाचं मग बघावं.